शिवक्काचं स्पॅनिश

"दोंदे पुएदो कार्गार एल मोविल?"

वळसंग सोडलं आणि ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला तोंड लावून मी ओरडले. रेवणप्पानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"शिवक्का, सकाळी सकाळी शिव्या कशाला देतीस?"

"शिवी न्हाय रे मुडद्या. मोबाईल कुटं चार्ज करता येईल, असं इचारलंय."

"मग हितं हाय की." त्यानं स्टिअरिंगजवळ बसवलेला चार्जिंगचा पॉइंट दाखवला. "सरळ इचारावं मानसानं. पोटात कळ आल्यागत कशाला बोलायचं?"

अख्खी बस हसली. पुढच्या सीटवर एक म्हातारी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिनं पदर सावरला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"कुटली गं भाषा ही? कानडी तर न्हवं."

"स्पेनची हाय, आजी. माजी लेक हाय तितं. बाळंतपनाला चाललीया मी."

"इमानातनं?"

"मग काय, बैलगाडीतनं?"

"जा बाई, जा," म्हातारी म्हणाली. "पयलं बाळंतपन आईचंच असतंया."

मी तिला तिकीट दिलं, डबल बेल मारली आणि मागच्या सीटांकडे वळले. त्या दिवशी सुट्ट्या पैशांवरून मी कुणाशीही भांडले नाही. रेवणप्पाला हे आक्रीत वाटलं असणार, कारण अक्कलकोटला त्यानं मला स्वतःहून चहा पाजला.

मी शिवबाई. सोलापूर डेपोची कंडक्टर. ज्ञानबा, माझा नवरा, एसटीत ड्रायव्हर होता. तो गेला आणि त्याच्या जागेवर मला घेतलं. माहेर माळशिरसच्या बाजूला, मेंढरांमागं वाढलेली मी. रानातल्या रानात हाका घालून आवाज आधीच तयार झाला होता, एसटीनं त्याला आणखी धार लावली. आमच्या डेपोत म्हणतात, शिवबाईच्या गाडीला हॉर्न लागत नाही.

लेक प्रियदर्शिनी, आमची प्रिया, तेव्हा लहान. घरी बघणारं कुणी नव्हतं, म्हणून शाळेला सुट्टी असली की मी तिला ड्यूटीवर न्यायची. माझ्या सीटवर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती झोपायची. मी कानाशी "मैंदर्गीऽऽ" म्हणून थांब्याचं नाव ओरडले तरी हलायची नाही. ब्रेक लागला की मात्र दचकायची. ती शिकली, पुण्यात नोकरीला लागली, तिथंच विरेशशी जमवलं. जावई चांगला आहे, मी काही नाव ठेवलं नाही. मग दोघं स्पेनला गेली, वलेन्सिया नावाच्या गावात. दिवाळीत तिनं फोनवर सांगितलं की दिवस गेलेत, आणि पुढच्याच दमात म्हणाली, "आई, तू येशील ना?"

येशील ना म्हणे! मी त्याच आठवड्यात पासपोर्टच्या मागं लागले.

ते स्पॅनिशही तिनंच काढलं. म्हणाली, "आई, माद्रिदला विमान बदलावं लागतं. तिथं तुझा फोन बंद पडला तर मी तुला शोधू कुठं? बाकी काही नाही आलं तरी चालेल, चार्जिंगचं तेवढं विचारता आलं पाहिजे."

मला पटलं. फोन बंद पडला की माणूस हरवतं, हे कंडक्टरला कुणी सांगायला नको. रोज कुणीतरी डोळ्यांत पाणी आणून विचारतं, बाई, तुमच्या फोनवरनं एक फोन लावू का.

मग रात्री जेवण झालं की तिचा आवाज यायचा, व्हॉट्सॲपवर. एकेक वाक्य, सावकाश. आय उन एंचुफे पोर आकी, म्हणजे इथं जवळपास प्लग आहे का. तिएने उन कार्गादोर, तुमच्याकडे चार्जर आहे का. नो तेंगो बातेरिया, माझं चार्जिंग संपलंय. आणि शेवटी ग्राथिआस, म्हणजे आभार. तो शब्द जीभ दातांत धरून म्हणायचा. मी म्हटलं, एवढा मोठा देश आणि बोबडा बोलतोय! प्रिया खूप हसली. मी ते वाक्य माझ्या आवाजात म्हणून परत पाठवायची. "अजून एकदा पाठव," असं ती म्हणायची, म्हणून मी अजून एकदा पाठवायची.

दिवसा गाडीत घोकायची. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत जादा गाड्या लागल्या, माणसं दारात लटकलेली, आणि मी तिकिटं फाडल्यागत वाक्यं फाडत होते. "पुढं सरका की, पोर फावोर!" म्हणजे कृपा करून. कंट्रोलरच्या खिडकीत जाऊन "तिएने उन कार्गादोर?" विचारलं, तर तो म्हणाला, बाई, तुमची गाडी पाच नंबरला लागलीय. पूनम म्हणून आमच्यात एक तरुण कंडक्टर आहे. तिनं सगळ्या बायका गोळा केल्या आणि लेडीज रेस्टरूममध्ये माझी ओटी भरली. बाळंतीण राहिली बाजूला, ओटी माझी! मी लाजले. साहेबांनी रजेवर सही करताना विचारलं, "बाई, परत याल ना? का तिकडचीच बस धराल?"

व्हिसाची कागदपत्रं सगळी मी मोबाईलवर पाठवली होती. बाकीचं मी बघते, असं प्रिया म्हणाली होती.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. आवाज बसलेला. "आई, व्हिसा नाकारला गं तुझा."

मी ओट्याला टेकले. पण पोर तिकडे मुसमुसत होती, मग मी काय करणार? मीच तिची समजूत घातली. "रडू नगंस. पोटातलं ऐकतंय. सरकारी कामं अशीच असत्यात. पुडच्या येळंला येईन की." वर तिलाच विचारलं, जेवलीस का. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो मला.

ती म्हणाली, पुण्याहून ओळखीच्या एक बाई येणार आहेत, काही द्यायचं असेल तर त्यांच्याकडे दे. द्यायचं असेल तर! मी सुट्टीच्या दिवशी डिंकाचे लाडू वळले. बाळंतशेपा, ओवा, खसखस बांधली. माझ्या आईचं एक धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं होतं, त्याची दुपटी शिवली, आणि उरलेल्या कापडाची कुंची. कुंचीला लाल गोंडा लावला. सगळं एका खोक्यात भरलं, सुतळीनं बांधलं, आणि पुण्याच्या गाडीवर सयाजी होता त्याच्या हवाली केलं. "स्वारगेटला एक बाई येतील, त्यांना दे," असं सांगून त्याचा नंबर प्रियाला कळवला.

एसटीतल्या बाईच्या पोरीनं एक गोष्ट विसरायला नको होती. आमचं पार्सल मुकं जात नाही. ते कंडक्टरच्या हातानं जातं, आणि कंडक्टर घेणाऱ्याला नाव-गाव, नातं-गोतं विचारल्याशिवाय सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी सयाजी कँटीनमध्ये माझ्यासमोर बशी घेऊन बसला.

"तुजी विहीन सोता आल्ती की खोकं न्यायला. लई साधी बाई. लाडवाचा डबा तितंच उगडला, वास घेतला. मला एक लाडू दिला. म्हनल्या, आता इमानात हातातच धरून बसते ह्यो डबा."

"इमानात?" मी हसले. "आरं, दुसरी कोन बाई हाय जायाची. माजी विहीन कशाला जाईल?"

"आगं, त्याच चालल्यात न्हवं? परवाच्याला. सुनंच्या बाळंतपनाला." मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याची बशी खाली आली. "तुला ठावं न्हाय?"

"हाय की ठावं," मी म्हटलं. "डोस्क्यातनंच गेलं बग."

चहा तसाच ठेवला. डेपोत गाड्या धुतात त्याच्या मागं गेले आणि विहीणबाईंना फोन लावला. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलायला गोड. खरंच गोड, उगाच नाही म्हणत.

"अहो विहीणबाई, मीच करणार होते फोन! किती केलंत हो एकटीनं. दुपटी तर मी आत्ताच गालाला लावून बघितली. तुम्हाला रजा मिळाली असती तर किती छान झालं असतं!"

"रजा?"

"प्रिया म्हणाली ना, आईला नोकरी सोडून येता येत नाही. मी विरेशला म्हटलंसुद्धा, अरे, पहिलं बाळंतपण आहे, आईलाच बोलवा, मी नंतर जाईन. तर ती म्हणाली, आईच नको म्हणतेय. मग काय, संक्रांतीच्या आधी मुंबईला जाऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आले. त्याशिवाय अर्जच घेत नाहीत ते."

संक्रांतीच्या आधी. मी माझ्या बोटांकडे पाहिलं. ह्या बोटांचे ठसे कुणी मागितलेच नव्हते. अर्जच नाही, तर नाकारला कुणी? गड्ड्याच्या गर्दीत मी "आय उन एंचुफे" घोकत होते तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. आणि तरीही रोज रात्री नवं वाक्य येत होतं.

"आणि तुमचं ते स्पॅनिश!" विहीणबाई हसायला लागल्या. "विरेशनं ऐकवलं हो आम्हाला. काय तो आवाज! त्यांच्या एका मित्रानं तर रिंगटोनच केलीय. त्याचा फोन वाजला की तुम्ही ओरडता, दोंदे पुएदो! सगळी पार्टी लोळते म्हणे हसून. किती गोड वाटतं ना?"

"व्हय," मी म्हटलं.

"पण रजेचं वाईट वाटलं हो."

साहेबांनी सही केलेला रजेचा कागद माझ्या खांद्यावरच्या बॅगेत होता. काढून वाचून दाखवावा असं एकदा मनात आलं. पण मग सासू सुनेला काय म्हणेल? बाळंतपणाच्या तोंडावर पोरीला घरात खोटारडी म्हणवून घ्यायला लावायचं?

"व्हय ना," मी म्हटलं. "न्हायच मिळाली रजा. सांबाळून जावा. तिला डिंकाचा लाडू सकाळच्यालाच द्या, उपाशीपोटी."

फोन ठेवला आणि नळाखाली तोंड धुतलं. पाणी गाड्या धुवायचं, गार होतं. त्या दिवशीची दुधनीची फेरी मी केली. कशी केली ते विचारू नका.

संध्याकाळी घरी आल्या आल्या प्रियाला फोन लावला.

"तुज्या सासूबाईंशी बोलले मी."

ती एकदम बोलायला लागली. "आई, ऐक ना. इथे हॉस्पिटलमध्ये इंग्लिश तरी यावं लागतं. त्यांना येतं. आणि घर किती छोटंय तुला माहीत नाही. एका वेळी एकच माणूस…"

"हे मला आदी सांगाय येत न्हवतं?"

"तू किती खूश होतीस गं. रोज वाक्यं पाठवायचीस. मला सांगवेना."

"ती तू मागत व्हतीस. आजून एकदा पाठव म्हनायचीस. रिंगटोन करायला?"

"ते विरेशच्या मित्रानं… ते प्रेमानं गं आई. कुणी वाईट अर्थानं नाही हसत."

"खरं काय ते सांग, पिरे. इंग्रजी ऱ्हाऊ दे, घर ऱ्हाऊ दे. मी का नगं?"

तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"तुझा आवाज," ती म्हणाली. "आई, रागावू नकोस. इथे भिंती पातळ आहेत, शेजारी तक्रार करतात. ट्राममध्ये लोक वळून बघतात. विरेशला कसंतरी होतं."

"इरेशला? का तुला?"

"मलाही," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मी नाही रडले. "आन् सासूला सांगितलंस, आईलाच नोकरी सुटत न्हाय. सगळ्या गोताला वाटनार, शिवबाईला लेकीपरीस तिकिटं प्यारी."

"काहीतरी सांगावं लागलं ना! तुझा आवाज मोठाय म्हणून नको, असं कसं सांगू मी त्यांना?"

"ह्याच आवाजावर तुजी फी भरली गं मी," मी म्हटलं. "ह्याच आवाजात निजत व्हतीस तू." ते मात्र मी मोठ्यानं म्हटलं, शेजारच्यांनी खिडकी उघडली इतकं. मग फोन ठेवून दिला.

रजा रद्द करायला गेले तेव्हा साहेब चक्रावले. मी म्हटलं, बेत बदललाय. डेपोत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, बाईला ओव्हरटाइमची हाव. कुणी म्हणालं, लेकीचं बाळंतपण टाळणारी बाई पहिल्यांदाच बघितली. पूनमनं माझ्याशी बोलणं कमी केलं, ओटी तिनंच भरली होती ना. सयाजीला खरं माहीत होतं. मी त्याच्याकडे एकदाच बघितलं, आणि त्यानं ते पोटातच ठेवलं. विश्वासघात परक्यानं केला तर माणूस चार ठिकाणी बोंब तरी मारतो. स्वतःच्या पोरीनं केला की वर आपणच झाकण ठेवायचं.

वळसंगला रेवणप्पानं एकदा मला हसवायला म्हणून सुरू केलं, "शिवक्का, दोंदे पुएदो…"

"गप गाडी चालव," मी म्हटलं. त्यानं परत कधी काढलं नाही.

माझा आवाज मात्र गेला. घसा बसला नव्हता. ओरडायला तोंड उघडलं की ती पार्टी दिसायची, हसून लोळणारी, आणि शब्द ओठातच विरायचा. मी सीटजवळ जाऊन हळू सांगायला लागले. मैंदर्गीला एक म्हातारा उतरायचा राहिला. बराच पुढं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं अशी आग पाखडली! "वरडायला काय झालं तुला? तोंडात मूग धरलंस का?" रेवणप्पानं गाडी थांबवली, समोरून येणाऱ्या गाडीला हात करून त्याला बसवून दिलं. परत येऊन त्यानं स्टिअरिंगवर हात ठेवला.

"तुज्या हाकंवर मी गाडी चालवतो, अक्का," तो म्हणाला. "तू अशी गप बसलीस की मला रस्ता सुना वाटतोय बग."

मी त्याला सगळं सांगितलं ते तेव्हा. त्यानं कानडीत एक शिवी घातली, कुणाला ते कळलं नाही, आणि गिअर टाकला.

फोन आला तो दुपारच्या फेरीला, दुधनी जवळ आली तेव्हा. मोबाईल रेवणप्पाच्या पॉइंटला लावलेला होता. त्यानं पुढून हाक मारली, "शिवक्का, तुजा फोन. लेकीचा हाय, तोंड दिसायचा."

मी वायर काढली. घ्यावा की नको, असं झालं. पण दिवस भरले होते तिचे, न घेऊन कसं चालेल? बटण दाबलं.

आधी विहीणबाईंचा हात दिसला, मग त्यांची मांडी. आणि मांडीवर माझ्या आईच्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलेलं एवढंसं तोंड. कुंची घातली होती. लाल गोंडा कपाळावर आला होता. बाळ डोळे घट्ट मिटून झोपलं होतं, अगदी प्रिया मिटायची तसे. काय लपवायचं, मला रडू आलं. जाळीला धरून उभी राहिले आणि बघत राहिले. त्या बाळाला हात लावायला मी काय दिलं नसतं! माझ्या हातांनी न्हाऊ घालायचं होतं त्याला, पायांवर घेऊन. तो हक्क माझा होता आणि माझ्याच पोरीनं तो दुसऱ्याला देऊन टाकला होता.

"आई, मुलगी झाली," प्रियाचा चेहरा पुढं आला. ओठ सुकलेले, केस विस्कटलेले. "बघ ना, नाक तुझं आहे."

"सुकी ऱ्हावा," मी पुटपुटले.

"काय? आई, गाडीचा आवाज येतोय. ऐकू येत नाही."

"सुकी ऱ्हावा म्हनलं."

"आई, मोठ्यानं बोल ना! काहीच ऐकू येत नाहीये. मोठ्यानं बोल."

मी तिच्याकडे पाहिलं. पातळ भिंतींच्या घरात बोलावं तसं, अगदी हळू, मी म्हटलं, "नो तेंगो बातेरिया."

तिला ते बरोबर ऐकू आलं. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"चार्जिंग संपलं, बाळा," मी म्हटलं. "तूच शिकवलंस. ग्राथिआस." जीभ दातांत धरून म्हटलं, तिनं सांगितलं होतं तसंच. आणि फोन बंद केला.

फोन पूर्ण भरलेला होता. सकाळपासून लावला होता, रेवणप्पाला ते दिसलं होतं. तो आरशातून बघत होता. मी डोळे पुसले, मोबाईल बॅगेत टाकला, बॅगेची चेन ओढली. बाहेर पहिली दुकानं दिसायला लागली होती.

मी दाराशी गेले, दांडी धरली आणि छाती भरून ओरडले.

"दुधनीऽऽ! दुधनी आली, उतरा! दुधनीऽऽ!"

मागचे झोपलेले ताडकन उठले. एकानं डोक्यावरची पिशवी पाडली. कुणीतरी हसलं, हसू दे. रेवणप्पानं गाडी स्टँडात वळवली, त्याला माझ्याकडे बघायची गरज पडली नाही.

दाराजवळच्या सीटवर एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिची मुलगी झोपली होती, माझ्या अगदी पायाशी. ती हललीसुद्धा नाही.